संगणकाशी गट्टी : होडीच्या सहा हालचाली
दोस्तांनो, मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेला आहात ना? आठवा बरं, होडी कशी हलते? पुढे-मागे, डावी-उजवीकडे, लाटेवर वर-खाली. झाल्या तीन! शिवाय ती कुशीवर कलते, पुढचं टोक उचलते आणि जागच्या जागी वळते. एकूण सहा!

साधा माऊस टेबलावर दोनच दिशांना सरकतो. 'थ्रीडी माऊस'ची टोपी मात्र ढकला, उचला, कलवा, पिळा. त्याला सहाही हालचाली कळतात. मग पडद्यावर काढलेला किल्ला हवा तसा फिरवा!

पण ही भाषा संगणकाला सांगणारा दुभाष्या हवा. तो म्हणजे ड्रायव्हर. कंपनीने तुमच्या संगणकासाठी तो बनवलाच नाही, तर महागडा माऊस नुसता ठोकळा! जॉन त्सिओम्बिकास यांनी 'स्पेसनॅव्हडी' हा मुक्त ड्रायव्हर लिहिला. लिनक्सवर तो पडद्यामागे गुपचूप चालतो आणि 'ब्लेंडर'सारख्या प्रोग्रॅमना हालचाली कळवतो. अशा प्रोग्रॅमला 'डीमन' म्हणतात. तो फुकट आहेच. शिवाय त्याची रचना कुणीही वाचावी, दुरुस्त करावी. होडीची बांधणी ठाऊक असली, की गावातच डागडुजी होते. तसंच हे!

आता कंपासपेटी हातात घ्या. सहाही हालचाली जमतात का, पाहा बरं!