पथ्य एकट्याचें नव्हे, घराचें

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात: "मामंजींना मधुमेह आहे. औषधें नियमित चालू आहेत, तरी दर खेपेस साखर आधींपेक्षां अधिकच निघते. डॉक्टर म्हणतात, पथ्य पाळा. मामंजी म्हणतात, मी गोड खातच नाहीं. त्यांच्यासाठीं निराळें, मुलांसाठीं निराळें, उपासाचें निराळें, असें तीन तऱ्हेचें रांधून मी थकून गेलें आहें. यांत चुकतें कोणाचें?"

मी वैद्य नव्हे, डॉक्टरहि नव्हे. पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहें. तथापि या प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक आहे, कारण आमच्या घरांत तें फार महाग किंमत देऊन शिकावें लागलें. ती हकीकत प्रथम सांगतों.

माझे ज्येष्ठ बंधु, आम्हां सर्वांचे दादा, यांना पंचावन्नाव्या वर्षीं मधुमेह असल्याचें कळलें. त्यांनीं चहांतील साखर त्याच दिवशीं सोडली. परंतु सणावारीं वाढावयास मी उभा राहत असें, आणि माझ्या आग्रहाची ख्याति मोठी. "दादा, सण काय रोज येतो? एका वाटीनें काय होणार आहे?" असें म्हणून मी श्रीखंड वाढीत असें, आणि दादा धाकट्या भावाचा मान राखावा म्हणून तें खात असत. सण रोज येत नाहीं हें खरें. पण संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी, पाडव्याचें श्रीखंड, गणपतीचे मोदक, दिवाळी, आणि त्यांत वाढदिवस, डोहाळजेवणें व श्राद्धपक्ष मिळविले म्हणजे वीस माणसांच्या घरांत आठवड्यास एक गोड पान होतेंच. हा हिशेब मीं कधीं मांडला नाहीं.

पुढें एका उन्हाळ्यांत दादांच्या पायाला चप्पल चावली. वाढलेल्या साखरेनें पायांच्या संवेदना मंदावल्या होत्या, म्हणून ती जखम त्यांना कळलीच नाहीं. कळली तेव्हां ती चिघळली होती. दोन बोटें काढावीं लागलीं. पुढच्या पाडव्याला मी नेहमींप्रमाणें श्रीखंडाचें भांडें घेऊन त्यांच्या पानापुढें आलों. दादा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पानावर हात आडवा धरला. तो हात ते दरवर्षींच धरीत असत. मी दरवर्षीं तो बाजूस सारून वाढीत असें.

त्याच वर्षीं माझी स्वतःची तपासणी झाली. उपाशीपोटीं साखर १४८, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखविणारें एचबीए१सी ७.९. रोग माझ्याहि दारांत येऊन उभा होता.

आपल्या पूर्वजांना हा रोग अपरिचित नव्हता. मूत्राकडे मुंग्या धांवतात ही खूण प्राचीन वैद्यांनीं नोंदिली आहे. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार केले, एक जन्मजात व दुसरा अपथ्यानें होणारा. पहिल्यांतील रोगी कृश असतो आणि दुसऱ्यांतील स्थूल, बहुभोजी व बसून राहणारा, असेंहि तो सांगतो. आजचें वैद्यकहि मुख्य प्रकार दोनच मानतें. पहिल्यांत स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बनवीतच नाहीं. १९२१ सालीं टोरांटो येथें इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्यें चौदा वर्षांच्या एका मुलाला तें प्रथम टोचण्यांत आलें. तोंपर्यंत अशा मुलांना आशा नसे. दुसऱ्या प्रकारांत इन्सुलिन असतें, पण शरीर त्यास पुरतें दाद देत नाहीं, आणि हळूहळू तेंहि अपुरें पडूं लागतें. आपल्या घरांतून वडील मंडळींना जो होतो तो बहुधा हाच.

"आम्ही कुठें स्थूल आहों?" असें कोणी म्हणेल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं एका इंग्रज सहकाऱ्यासमवेत आपलेंच उदाहरण प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु इंग्रज गृहस्थांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के भरली. दिसावयास सडपातळ आणि आंतून चरबी, अशी आपली ठेवण पुष्कळदां असते. तेव्हां आरशावर विसंबूं नये.

आतां भगिनींच्या मामंजींचें म्हणणें पाहूं. "मी गोड खातच नाहीं," असें ते म्हणतात आणि तें खरेंच असेल. परंतु रक्ताला जिभेची चव कळत नाहीं. भात, पोळी, पोहे, ब्रेड, बिस्किट, बटाटा यांतील पिष्टाची पोटांत साखरच होते. सकाळीं बशीभर पोहे, दुपारीं दोन वेळचा भात व तीन पोळ्या, चार वाजतां चहाबरोबर बिस्किटें, आणि रात्रीं पुन्हां भात, एवढें खाणाऱ्यानें चहांतील चमचाभर साखर वगळली तर समाधान फार आणि लाभ थोडा. गूळ व मध हेहि साखरेचेच भाऊबंद. ते घेतल्यानें पथ्य सांभाळलें असें होत नाहीं. आणि सकाळीं कारल्याचा रस घेतला म्हणून दुपारचें श्रीखंड माफ होतें, हाहि भ्रमच. गोडाचें पाप कडूनें धुतलें जात नाहीं.

उपासाचें तर विचारूंच नका. साबुदाण्यांत शंभर ग्रॅममागें पंचाऐंशी ग्रॅमहून अधिक पिष्ट असतें आणि प्रथिनें नांवापुरतीं. तो ज्या कंदापासून करतात तो मूळचा दक्षिण अमेरिकेंतील, बटाटाहि तिकडचाच. म्हणजे चरकाला किंवा सुश्रुताला साबुदाण्याची खिचडी ठाऊकच नव्हती, आणि आपण ती एकादशीला शास्त्र म्हणून खातों! देवाजवळ राहणें हा उपवासाचा मूळ अर्थ. आपल्या घरांत मात्र त्या दिवशीं साखर सर्वांत वर चढते. आमच्याकडे आतां उपासाला अर्धी वाटी भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर व ताक असतें. परंतु जे इन्सुलिन घेतात, अथवा ज्यांच्या गोळ्यांनीं साखर एकदम उतरूं शकते, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून उपास करूं नये.

मग खावें काय? याचें उत्तर आपल्या पानांतच आहे; मांडणी तेवढी बदलावी लागते. आपल्या पानांत डावीकडे कोशिंबीर व चटणी, उजवीकडे भाजी व उसळ, आणि मध्यें भात. दुर्दैवानें डावी बाजू बोटभर आणि मधली ओंजळभर अशी आपली रीत पडली आहे. ती उलटी करावी. अर्धें पान कोशिंबीर आणि मेथी, दुधी, पडवळ, गवार, भेंडी यांसारख्या भाज्यांनीं भरावें. पाव भागांत मटकी-मुगाची उसळ, घट्ट वरण किंवा पिठलें. आणि उरलेल्या पाव भागांतच भाकरी, पोळी वा भात. भात खावयाचा तर एक लहान वाटी, आणि त्या प्रमाणांत पोळी कमी. चरकानें प्रमेही माणसाला जव हें मुख्य धान्य सांगितलें आहे. आपल्याकडे ज्वारीची भाकरी सहज मिळते व सालासकट धान्याचा गुण तिच्यांत आहे. पण भाकरी चांगली म्हणून चार खाल्ल्या तर त्यांचीहि साखरच होणार. फळ खावें तें अख्खें, रस काढून नव्हे. एखादा पेरू चालतो. आंब्याच्या दिवसांत दोन फोडी घेतल्या तर त्या दिवशींचा भात सोडावा.

दुसरी गोष्ट क्रमाची. आपण वरणभातानें आरंभ करतों व ताकभातानें शेवट करतों. न्यूयॉर्क येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयांत २०१५ सालीं मधुमेही माणसांना तेंच जेवण दोन क्रमांनीं देऊन पाहिलें. भाज्या व प्रथिनें आधीं आणि पिष्ट मागून घेतलें त्या दिवशीं जेवणानंतरची साखर पुष्कळ कमी चढली. मीं घरीं यंत्रानें मोजून हेंच पाहिलें. म्हणून मी चित्राहुति घातल्यावर प्रथम कोशिंबीर व उसळ संपवितों, मग भाकरी, आणि भात घेतलाच तर शेवटीं वाटीभर. पहिल्या दिवशीं घरांत सर्व हसले. आतां नातवंडेंहि तसेंच जेवतात.

तिसरी गोष्ट पायांची. गरीब प्रमेही माणसानें शंभर योजनें चालावें, असें सुश्रुत सांगतो. आपण निदान जेवण होतांच पंधरा मिनिटें अंगणांत चालावें. लोडाला टेकून सुपारी कातरण्यापेक्षां तें हितकर. मात्र पायांत मऊ जोडा हवा, आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. ज्याला वांकवत नाहीं त्याचे पाय घरांतील दुसऱ्यानें पाहावे. दादांचे पाय आम्हीं कोणीं पाहिले असते तर दोन्ही बोटें कदाचित् वांचलीं असतीं.

चौथी गोष्ट मोजण्याची. सामान्यतः उपाशीपोटीं साखर ८० ते १३०, जेवणास आरंभ केल्यापासून दोन तासांनीं १८० च्या आंत, आणि एचबीए१सी सातच्या खालीं असावें असें मानतात. फार वृद्ध वा दुर्बळ माणसास डॉक्टर थोडी अधिक सूट देतात. आकडे वहींत लिहावेत, व शेजारीं काय जेवलों तेंहि लिहावें. मामंजी महिनाभर अशी वही ठेवतील तर चुकतें कोठें हें त्यांचें त्यांनाच दिसेल. सूनबाईंना एक शब्दहि बोलावा लागणार नाहीं. आणि एवढें सर्व पाळूनहि आकडे चढतेच राहिले तर त्यांत कोणाचाच दोष नसेल. रोगच पुढें सरकला असेल, आणि औषध वाढवून घ्यावें लागेल.

येथें दोन सूचना. पथ्य सुरू केलें म्हणून औषध आपल्या मनानें बंद करूं नये. जेवण कमी झालें कीं गोळ्यांची मात्राहि डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. नाहींतर साखर एकाएकी उतरते. घाम, कांप, भोवळ येते. आकडा ७० च्या खालीं गेला तर माणूस शुद्धीवर असेतोंपर्यंत तीन चमचे साखर पाण्यांतून लगेच द्यावी, व पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावें. दुसरें, ज्यांच्या मूत्रपिंडांस विकार जडला आहे त्यांनीं डाळी व उसळी किती घ्याव्या तें विचारून ठरवावें.

आतां मुख्य प्रश्न: चुकतें कोणाचें? भगिनी, चूक तुमची नाहीं आणि एकट्या मामंजींचीहि नाहीं. एका चुलीवर तीन स्वयंपाक ही व्यवस्थाच चुकीची आहे. रोग्याचें पान निराळें केलें कीं तें शिक्षेचें पान होतें. समोर दहाजण भात कालवीत असतां एकानें भाकरी मोडीत बसावें, हें किती दिवस चालेल? आणि निराळें पान करण्याचें कारणहि नाहीं, कारण वर सांगितलेलें अन्न निरोग्यासहि उत्तमच. वाढत्या मुलांना भात वा पोळी थोडी अधिक द्यावी, एवढाच भेद.

शिवाय हा रोग घराण्यांतून उतरतो. ज्याचे वडील मधुमेही त्याला धोका अधिक. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं ५३१ माणसांचा अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध केला. या सर्वांची साखर वाढूं लागली होती, पण मधुमेह जडला नव्हता. तीन वर्षांत, नेहमींचा सल्ला तेवढा मिळालेल्यांपैकीं ५५ टक्क्यांना तो जडला. ज्यांचा आहार व व्यायाम यांत पद्धतशीर बदल केला त्यांच्यांत ३९ टक्क्यांना. म्हणजे मामंजींच्या पानांत जी उसळ पडेल ती तुमच्या यजमानांच्या व मुलांच्याहि कामीं येणार आहे. त्यांच्या आजच्या पथ्यांत मुलाचें उद्यांचें औषध वांचतें.

आमच्या घरीं आतां एकच स्वयंपाक होतो. सणाला गोड होतें, नैवेद्य दाखविला जातो, आणि प्रसाद प्रसादाएवढाच, तळहातावर मावेल इतका, घेतला जातो. माझें एचबीए१सी तीन महिन्यांत ६.८ वर आलें, वजन चार किलोंनीं उतरलें. दादांचीहि साखर आटोक्यांत आहे; गेलेलीं बोटें मात्र परत येत नाहींत.

शेवटीं माझ्या वयाच्या गृहस्थांस एक विनंति. पानावर आडवा धरलेला हात हा शिष्टाचार समजूं नका; तो खरा समजा. "पुरे" या शब्दाचा अर्थ पुरे एवढाच आहे. आणि ज्या मामंजींसाठीं हें पत्र आलें, त्यांनीं उद्यांपासून घरांत स्वतःच सांगावें, "माझ्यासाठीं निराळें कांहीं करूं नका; सर्वांसाठीं चांगलें तेंच मला वाढा." सूनबाईंचा अर्धा शीण त्या एका वाक्यानें उतरेल.