आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मित्रांनो, होस्टेलवर सकाळी नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? आधी नळ पिळतो, मग त्याला दोन फटके देतो आणि शेवटी वॉचमन काकांच्या नावाने ओरडतो. गच्चीवर जाऊन टाकीत पाणी आहे का, मधला व्हॉल्व्ह कुणी बंद केलाय का, हे बघायला कुणी जात नाही. आमच्या लॅबमधल्या सर्व्हरच्या बाबतीत आम्ही नेमकं हेच केलं. त्यात सगळ्यांच्या पुढे मी होतो, म्हणून हे लिहायची जबाबदारीही माझीच.

आधी थोडी ओळख. लॅबमध्ये दोन मोठे सर्व्हर आहेत आणि त्यांच्यावर प्रत्येक प्रोजेक्ट ग्रुपचा एकेक व्हर्च्युअल सर्व्हर चालतो. त्या बिचाऱ्याला वाटतं, हार्ड डिस्क आपल्याच पोटात आहे. प्रत्यक्षात ती रॅकच्या खालच्या कप्प्यातल्या स्टोरेजमध्ये असते. तिथवर जायला दोन स्विचमधून दोन वेगळ्या वाटा आहेत, एक बंद पडली तर दुसरी. डिस्कला द्यायचे हुकूम साध्या नेटवर्कवरून पाठवायच्या या पद्धतीला आय-स्कझी म्हणतात. तिचं स्टँडर्ड २००४ साली आलं. थोडक्यात, ‘डिस्क गेली’ असं वाटतं तेव्हा दोष केबल, स्विच, सेटिंग, परवानगी, कशातही असू शकतो.

दिवाळीच्या सुट्टीत एक स्विच जळाला आणि त्या जागी नवा बसवला गेला. सुट्टी संपली नि तमाशा सुरू झाला. व्हर्च्युअल सर्व्हर मध्येच गोठायचे, थोड्या वेळाने आपोआप शुद्धीवर यायचे. काहींची डिस्क रीड-ओन्ली व्हायची. पिंग केलं तर उत्तर चोख! झालं, नेटवर्क ठीक आहे म्हणजे स्टोरेजच खराब, असा निकाल आम्ही कट्ट्यावर चहा पिता पिता लावून टाकला. ‘लॅबच्या मामांनी झाडताना काहीतरी हलवलं असणार’ असंही दोघांनी ठरवलं. मामा गप्प बसले. उपाय काय? रीस्टार्ट! पहिल्यांदा चाललं, दुसऱ्यांदा चाललं. तिसऱ्यांदा बटण मी दाबलं आणि शेजारच्या ग्रुपचा डेटाबेस पुन्हा उठलाच नाही. बॅकअप होता तीन आठवड्यांपूर्वीचा. त्या ग्रुपमधली कुणीच मला काही बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी सरांनी एकच प्रश्न विचारला, “हे सुरू व्हायच्या आधी काय बदललं?” सगळे गप्प. सर्व्हर आणि स्टोरेज या दोन्हींवर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, ९००० बाइट ठेवलेला होता. नवा स्विच मात्र नेहमीच्या १५०० वरच! साधं पिंग म्हणजे पोस्टकार्ड, ते फटीतूनही जातं. खरा डेटा म्हणजे आपली होस्टेलची ट्रंक, ती दारात अडते. वर स्विच ती गुपचूप टाकून देतो, कुणाला कळवतही नाही. स्टोरेजला लॉगिन होणं, वाट चालू आहे का याची तपासणी होणं, हीसुद्धा पोस्टकार्डंच. म्हणून सॉफ्टवेअर दोन्ही वाटा ठणठणीत दाखवत होतं. सरांनी ‘तुकडे करू नको’ अशी अट घालून ८९७२ बाइटचं पिंग सोडलं (९००० मधून हेडरचे २८ वजा). एका वाटेने गेलं, दुसरीने नाही. आमचा आठवडा गेला होता, सरांची पाच मिनिटं.

आता माझा मुद्दा. आपल्या जर्नलमधलं प्रत्येक प्रॅक्टिकल यशस्वीच होतं! आउटपुट आलं, सही झाली, संपलं. चार वर्षांत एकदाही आपल्याला मुद्दाम बिघडवलेली यंत्रणा समोर ठेवून ‘शोध’ असं कुणी सांगत नाही. मग पहिला खरा बिघाड आला की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, बटण दाबणं आणि कुणावर तरी खापर फोडणं.

शिक्षकवर्गाला माझी विनंती आहे, वर्षात निदान एक प्रॅक्टिकल बिघाडाचं ठेवा. सिलॅबस पुरा होत नाही हे मान्य. पण एक केबल काढणं, स्टोरेजवरची एक परवानगी पुसणं किंवा एमटीयू बदलणं, याला किती वेळ लागतो? मुलांनी क्रमाने शोधावं. त्रास एका व्हर्च्युअल सर्व्हरला आहे की सगळ्यांना? केबल आणि आयपी ठीक आहेत? स्टोरेजचं पोर्ट ३२६० उघडं आहे? मोठं पॅकेट प्रत्येक वाटेने जातं? स्टोरेज या सर्व्हरला ओळखतं का? मार्क उत्तराला नव्हे, शोधण्याच्या क्रमाला द्या.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी. रीस्टार्ट वाईट नाही, कधीकधी दुसरा इलाजच नसतो. पण त्याआधी लॉग उतरवून घ्या, वेळ लिहा आणि ज्यांचा डेटा आहे त्यांना विचारा. आम्ही आता रॅकला सुतळीने एक दोनशे पानी वही बांधली आहे. काय बदललं, कधी, कुणी, एवढंच त्यात लिहायचं. पहिली नोंद माझ्या हातची आहे, तिसऱ्या रीस्टार्टची. मामांची माफी मात्र वहीत लिहून भागणार नव्हती. ती मी समोर जाऊन मागितली.