कशावरून?

मंडळी, आज जरा भांडायला बसलोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर "नाना, तुम्ही फार चिडता हं" असं कुणी म्हणायला नको.

भांडणाचं निमित्त आहे माझी मोटारसायकल. नातेवाइकांना ती माहीत आहेच. १९८८ सालची येझदी, दोन सायलेन्सरांची, एकाच दांडीने किकही मारायची आणि गिअरही टाकायचे अशी. ती बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. नाव २०२२ साली पुन्हा बाजारात आलं, पण ती गाडी वेगळी. तरुणपणी मास्तरकीच्या पगारात असली गाडी नुसती बघायची असायची. २०२३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, एका सद्गृहस्थांकडून सेकंडहँड घेतली. घरात काय काय झालं ते इथे सांगत नाही!

तर या गाडीला गेल्या पावसाळ्यानंतर एक खोड लागली. सकाळी दुसऱ्या किकला सुरू व्हायची. साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला लागलं की बारा-तेरा किलोमीटर झकास पळायची. मग दोन-तीन गचके, सायलेन्सरमधून एखादा फटाका, आणि बंद. कितीही किका मारा, हूं की चूं नाही. झाडाखाली अर्धा तास बसलं की पहिल्या किकेला सुरू! जणू काही झालंच नव्हतं.

गॅरेजवाल्याने न विचारता प्लग बदलला. पुढच्या खेपेला कार्बोरेटर खोलून धुतला, जेट नवे टाकले. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "काका, हाफ इंजिन करावं लागणार." केलं. बोअर, पिस्टन, रिंगा, मजुरी धरून नऊ हजार चारशे रुपये झाले. गाडी घेऊन निघालो, आणि तेराव्या किलोमीटरला त्याच झाडाखाली येऊन बसलो.

पुण्याच्या पुतण्याने फोनवर निदान केलं, "काका, इथेनॉल! दुसरं काही नाही." चिरंजीव म्हणाले, "बाबा, भंगारात द्या, मी इलेक्ट्रिक घेऊन देतो." शेजारचे निवृत्त तहसीलदार म्हणाले, "कॉइल गेली." यातल्या एकानेही गाडीला हात लावला नव्हता. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "कशावरून?" पुतण्या म्हणाला, "सगळे तेच म्हणतायत." चिरंजीव म्हणाले, "गाडी जुनी आहे." तहसीलदार म्हणाले, "अनुभवावरून." याला मी उत्तर मानत नाही.

मी शास्त्राचा मास्तर नव्हे. तेहतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. पण आमच्या विषयात 'संदर्भासहित स्पष्टीकरण' नावाचा एक प्रश्न असायचा. हे वाक्य कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतं, हे आधी सांगा आणि मग अर्थाचं बोला. गाडीचंही तसंच आहे हो! 'बंद पडते' हे नुसतं वाक्य झालं. 'तापल्यावर बंद पडते, निवल्यावर आपोआप सुरू होते' हा संदर्भ झाला, आणि अर्धं उत्तर या संदर्भातच आहे. झिजलेला पिस्टन अर्ध्या तासात पुन्हा तरुण होत नाही. तो पहिल्या चढापासूनच कुरकुरला असता. पिस्टन तापून अडकत असता तर किक जड गेली असती. ती तर नेहमीसारखीच बसत होती. म्हणजे इंजिन खोलायच्या आधी एवढा विचार केला असता तर माझे नऊ हजार वाचले असते. गॅरेजवाल्याने तो केला नाही, आणि कबूल करतो, मीही केला नाही. खिशात हात घातला आणि मोकळा झालो.

मग मात्र ठरवलं. खिशात प्लगचा पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि चिंधी घेऊन निघालो. झाडाखाली गाडी बंद पडली. आधी पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून काढली, टाकीचं झाकण बंदच ठेवून कॉक उघडला. धार सलग आली. म्हणजे झाकणाचं हवेचं भोक तुंबलेलं नाही, कॉकमध्ये कचरा नाही. कॉक बंद केला, सांडलेलं पुसलं. प्लग काढून पाहिला, तर तो पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल आतपर्यंत पोचत होतं, जळत नव्हतं. इथेनॉलवाले इथे हरले. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या-वॉशरांना त्रास होऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण होऊ शकतो म्हणजे इथे झालाच, असं नाही.

प्लग पुसून कॅपला लावला, भोकापासून लांब धरून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी पडली, पण पिवळट, मरतुकडी. अर्ध्या तासाने पुन्हा तेच केलं, तर निळी, चटचट वाजणारी! आजार सापडला. ठिणगी तापल्यावर मरत होती.

आता आरोपी दोन उरले, कॉइल आणि कंडेन्सर. दोघेही तापल्यावर दगा देऊ शकतात. घरी येऊन उजव्या बाजूचं झाकण काढलं. पॉइंट काळे पडलेले, खड्डे पडलेले. हा कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी डबी. पॉइंट उघडताना जो विजेचा लोंढा येतो तो ही डबी पोटात घेते, म्हणून कॉइलमधला प्रवाह झटकन तुटतो आणि प्लगवर ठिणगी जोरात पडते. डबी कामातून गेली की ठिणगी प्लगवर पडायच्या ऐवजी पॉइंटवरच पडत राहते आणि पॉइंट जळतात. संशय कंडेन्सरवर बळावला.

आणि इथे मी माती खाल्ली. पॉइंट घासून गॅप लावला, आणि 'एवीतेवी झाकण उघडलंय' म्हणून कंडेन्सर आणि कॉइल दोन्ही नवी बसवली. गाडी कोरेगावला जाऊन परत आली, कुठे थांबली नाही. सौ.ने चहा दिला. पण चहा गोड लागेना. कारण कोणी मला विचारलं असतं, "कॉइल गेली होती की कंडेन्सर?", तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गॅरेजवाल्याने जे केलं तेच मी स्वस्तात केलं होतं.

दुसऱ्या रविवारी जुनी कॉइल परत बसवली. गाडी विनातक्रार पळाली. तिसऱ्या रविवारी जुना कंडेन्सर परत बसवला. सौ. दारात उभी राहून म्हणाली, "चालू झालेली गाडी मुद्दाम बंद पाडायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." बाराव्या किलोमीटरला गचके, फटाका, आणि बंद. त्या झाडाखाली बसून मला जो आनंद झाला तो कुणाला सांगू? एकशे चाळीस रुपयांची डबी. कॉइल निर्दोष होती, पिस्टन निर्दोष होता, पेट्रोल निर्दोष होतं.

आता काही जण म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे? नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, तोच सांगतो. मंडळी, २०२० नंतरच्या गाड्यांत बिघाडाचा दिवा असतो आणि गॅरेजवाला यंत्र लावून कोड वाचतो, हे खरं. पण तो कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे. 'मिश्रणात पेट्रोल कमी' असा कोड आला तर कुठून हवा शिरतेय, पंप कमी पडतोय की सेन्सरच खोटं बोलतोय, हे शोधायचं काम माणसालाच उरतं. तिथेही 'सेन्सर बदला' म्हणणारे आहेतच. डबी बदलली, वृत्ती तीच. आणि मी 'जुनं ते सोनं'वाला नाही. टू-स्ट्रोक गाडी धूर करते, म्हणून मी ती फक्त रविवारी काढतो. माझं भांडण नव्याशी नाही, न विचारता बदलण्याशी आहे.

हे सगळं ऐकवायला मी गॅरेजात गेलो. जुना कंडेन्सर टेबलावर ठेवला. मालक नव्हते. तिथला फिटर, विशीतला पोरगा, शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "काका, तुम्ही तीन रविवार घालवले. मी दोन तास नुसतं शोधत बसलो असतो, तर त्या दोन तासांचे पैसे तुम्ही दिले असते?"

मी गप्प बसलो. नसते दिले. "नुसतं बघायचे कसले पैसे?" असंच म्हणालो असतो. डॉक्टर तपासायचे पैसे घेतो ते आपण निमूट देतो, आणि फिटरला मात्र हातात नवा पार्ट दिसल्याशिवाय दमडी देत नाही. मग तो पार्टच बदलणार, दुसरं काय करील! त्याचा विचार आपण फुकटात धरला, म्हणून त्याने तो करणं सोडलं.

आणि एक गोष्ट त्याहून जास्त टोचली. हा पोरगा कुठल्या ना कुठल्या शाळेत शिकलाच असेल. आम्ही मास्तरांनी त्याला काय शिकवलं? गाइडातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण गुण. मी स्वतः दिलेत, तेहतीस वर्षं. पेपरांचे गठ्ठे संपवायची घाई असायची. एखाद्या पोराने वर्गात "कशावरून, सर?" विचारलं, तर "अभ्यासक्रमात नाही, बस खाली" हेही म्हटलंय. आज गाडीने तोच प्रश्न मला रस्त्यात बसवून विचारला.

असो. माझ्यापुरतं ठरवलंय. गाडी असो, पंखा असो की गुडघा, बदला म्हणणाऱ्याला आधी कशावरून ते विचारायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काढलेला जुना पार्ट मागून घ्यायचा. आणि शोधणाऱ्याला शोधायचे पैसे द्यायचे. त्या पोराला मी त्या दिवशी दोनशे रुपये देऊ केले. म्हणाला, "कशाचे?" म्हटलं, प्रश्न विचारल्याचे. घेतले नाहीत. पण कंडेन्सर मात्र ठेवून घेतला. म्हणाला, "तापवून बघतो."

बघ बाबा. तू तरी बघ.