माप कोणाच्या हाती?

१/ अतिवृष्टी झाली की दोन वाक्ये ठरलेली असतात. सरकार म्हणते, ‘मदत दिली’. शहर विचारते, ‘आणखी किती वेळा द्यायची?’ या गदारोळात मूळ प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : नुकसान मोजले कोणी? ज्याच्या हाती माप, त्याच्याच मर्जीवर मदत, हे आपल्याकडे दीडशे वर्षे चालत आले आहे. कसे, ते पाहू.

२/ १८७४ साली बिहारच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे जगविली. बक्षीस काय मिळाले? उधळपट्टीचा ठपका. १८७७ साली तेच टेंपल दख्खनेत आले, तेव्हा दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी ठरली एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. भूक तीच होती. माप बदलले होते.

३/ १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ साली दुष्काळ संहिता आली आणि मदतीचे नियम कागदावर उतरले. १८९६ च्या दुष्काळात टिळक आणि पुण्याची सार्वजनिक सभा हेच नियम रयतेला समजावून सांगू लागले. १८९७ साली सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. नियम सरकारचा, तो रयतेला वाचून दाखविणे हा मात्र अपराध!

४/ आता ‘आणेवारी’. पिकाचा उतारा रुपयातील आण्यांत सांगायची ही पद्धत. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांहून कमी आले, तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करण्याचा नियम होता. म्हणजे चार आणे आणि पाच आणे यांच्यामध्ये एका कुटुंबाचे वर्ष अडकलेले असे.

५/ १९१८, खेडा जिल्हा. शेतकरी म्हणाले, पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणाले, वर आहे. गांधीजींनी त्रयस्थ पंचांकडून निवाडा मागितला. सरकारला ही मागणीच उद्धटपणाची वाटली. सत्याग्रह झाला तो या एका आकड्यावरून, हे आपण विसरतो.

६/ शेवट काय झाला? सधनांनी सारा भरावा, गरिबांचा तहकूब व्हावा. परंतु गरीब कोण, हे ठरविण्याचा हक्क लोकांना बजावताच आला नाही. गांधीजींनी स्वतःच हा विजय अपुरा मानला. सवलत मिळाली, माप मिळाले नाही.

७/ आणे गेले, पैसे आले. आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांची रेघ आली. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, मातीतील ओलावा, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ हे निकष आणले. साधने सुधारली, हे मान्य. परंतु उपग्रहाशी वाद घालण्याची सोय शेतकऱ्याला कुठे आहे?

८/ आणि रक्कम? २०२२ च्या केंद्रीय निकषांनुसार पिकाचे नुकसान ३३ टक्के वा अधिक असेल, तर कोरडवाहूस हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. एकरी साडेतीन हजारांच्याही आत. ही बुडालेल्या पिकाची भरपाई नव्हे. पुढच्या पेरणीचा हातभार आहे. तिला ‘खिरापत’ म्हणणाऱ्यांनी एक एकर पेरून पाहावे.

९/ ‘शेतकरीही नुकसान फुगवून सांगतात’, हा आक्षेप रास्त आहे. काही जण सांगतातही. पण मग सारा वसूल करणारा आकडा फुगवून सांगत नव्हता काय? दोन्ही बाजूंचा मोह ओळखूनच पंच नेमायचे असतात. १९१८ ची मागणी तीच होती.

१०/ म्हणून मागणी केवळ वाढीव रकमेची नको. पंचनामा शेतकऱ्यासमक्ष व्हावा, आकडा चावडीवर लागावा, त्याविरुद्ध दाद मागता यावी आणि निवाडा मोजणाऱ्याहून वेगळ्या कोणी द्यावा. तोवर प्रत्येक पॅकेज म्हणजे चार आण्यांचा जुनाच वाद, नव्या नाण्यांत.