बाळूंच्या हाती बॅट कधी आली?

आयपीएलचा हंगाम सुरू झाला की दिल्लीत आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'निदान क्रिकेटमध्ये तरी आरक्षण नाही, तिथे फक्त मेरिट चालतं.' रोख कुणाकडे आहे हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळतं. फेलोशिपवर पीएच.डी. करणारी मी आधी मान खाली घालून जेवायचे. आता विचारते, 'बाळू पालवणकर हे नाव ऐकलंय?' अजून एकानेही हो म्हटलेलं नाही.

बाळूंचा जन्म 1876 चा, चांभार कुटुंबातला. पुण्यात पारशी क्लबमध्ये खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, महिना 3 रुपये. मग युरोपियनांच्या क्लबात 4 रुपयांवर तीच कामं, शिवाय जाळी बांधणं आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणं. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन्‌तास सराव करून घेई. डावखुरी फिरकी त्या राबण्यातून घडली. पण इतक्या वर्षांत बाळूंच्या हाती कुणी बॅट दिली नाही. बॅट साहेबाची, चेंडू गड्याचा. इंग्लंडातही पैसे घेऊन खेळणारा 'प्लेअर' आणि हौसेने खेळणारा 'जंटलमन' असे दोन वर्ग होते, हा भेद 1962 मध्ये मोडला. आपल्याकडे या वर्गभेदावर जात बसलेली होती. 'मेरिट' कुठे तयार होतं याचा शोध घ्यायचा तर मी त्या रोलरपासून सुरुवात करीन.

पुण्यातल्या हिंदू क्लबला युरोपियनांना हरवायचं होतं आणि त्यासाठी बाळू हवे होते. ब्राह्मण सभासदांचा विरोध होता, वाद झाला, शेवटी घेतलं. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! त्याच काळात, 1895 मध्ये, कॅनडातल्या हॅलिफॅक्सला काळ्या खेळाडूंनी आइस हॉकीची स्वतःची लीग उभी केली. एनएचएलमध्ये पहिला काळा खेळाडू, विली ओ'री, उतरला तो थेट 1958 मध्ये. तिथे माणसाला बर्फावरच येऊ दिलं नाही. आपल्या लोकांनी मैदानावर बोलावलं आणि चहाला बाहेर उभं केलं. यातलं बरं कोणतं, हे मला ठरवता येत नाही.

पुढचं सगळं आकड्यांत आहे. 1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंचे 8 बळी. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 100 हून अधिक बळी. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने सत्कार केला, त्याचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. 1920 मध्ये तर त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर पडले. त्यानंतर बाळू परत आले ते उपकर्णधार म्हणून. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. पण बाळूंचं वय तोवर पन्नाशीकडे झुकलं होतं. मेरिटवाल्यांना मी एवढंच विचारते, अजून किती बळी हवे होते?

आपल्या माणसांत बाळूंचं नाव काढलं की मात्र दुसरी अडचण होते. 1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांबरोबर नव्हते. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूंना 11,225. माझे काही सहकारी म्हणतात, मग कशाला आठवायचं? त्यांचं ते राजकारण मलाही पटत नाही, आणि ज्या नावाला कर्णधारपद नाकारलं गेलं तेच नाव मतांसाठी वापरलं गेलं याची चीड येते. पण ती चीड बाळूंवर काढून आपण त्यांचा रोलर, ते मातीचं भांडं, सगळंच दुसऱ्यांच्या हाती देतो. उद्या कुणीतरी याच माणसाची 'कष्टाने सगळं मिळतं' अशी गोड गोष्ट करील. त्या गोष्टीत चहा सगळे एकत्र पितील.

माझ्या खोलीजवळ एक मैदान आहे. सकाळी तिथला माळी पाणी मारतो आणि त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा जाळीत चेंडू टाकतो, क्रिकेट अकादमीत मोठी फी भरून आलेल्या मुलांना. चांगला टाकतो. परवा मी त्याला विचारलं, तुला बॅटिंग मिळते का? तो हसला. म्हणाला, 'टाइम बचा तो, दीदी.'