भुताचा डबा आणि गुलाबी गाडी

मैत्रिणींनो, भूत चक्क आगगाडीच्या डब्यात बसून फिरतंय आणि सगळं घर त्याच्याकडे बघून खिदळतंय, असं कधी पाहिलंय तुम्ही? मी पाहिलं. तेव्हापासून ते भूत काही माझ्या डोक्यातून उतरलेलं नाही.

झालं असं, की ऑक्टोबरात मी लेकीकडे अमेरिकेत होते, पेनसिल्व्हेनियात. तिच्या शेजारी एक आजी-आजोबा राहतात. आजोबांना खेळातल्या आगगाड्यांचा छंद. छंद म्हणजे कसा, तर घराखालचं अख्खं तळघर गाडीनं व्यापलेलं! डोंगर, बोगदे, कोळशाची खाण, स्टेशन, स्टेशनवर ट्रंका घेऊन उभी असलेली बोटभर उंचीची माणसं. सगळं खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्यात. तीस वर्षं खपून आजोबांनी १९५० च्या सुमाराचा तो मुलूख उभा केलाय. त्या काळी तिथे जे नव्हतं, ते या तळघरातही नाही, असा त्यांचा कडक नियम.

अपवाद फक्त एक. काळ्या-नारिंगी रंगाचा एक डबा. तो आणलाय आजींनी.

तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. भोपळे कोरून आत दिवा ठेवतात, मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन घरोघरी गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. त्या दिवसांसाठी खेळगाड्यांच्या कंपन्या खास भुताचे डबे काढतात. एखाद्यात सांगाडा डोकं वर काढतो, एखाद्यावर वटवाघळं रंगवलेली, एखादा दिवे मालवले की हिरवट चमकतो. आपल्याकडे ‘रेडियमचा गणपती’ मिळायचा ना, तसा रंग. उजेड पिऊन घ्यायचा आणि अंधारात तो परत द्यायचा. आजींच्या डब्याला काचेच्या खिडक्या होत्या, आणि त्यामागे पांढरी भुतं हळूहळू पोहत पुढे सरकत होती.

‘‘हे काही खरं नाही,’’ आजोबा मला म्हणाले. म्हणजे असा डबा खऱ्या रेल्वेवर कधी नव्हता. आजी गालातल्या गालात हसल्या. पण त्या संध्याकाळी तळघरात गल्लीतली जी पोरं जमली होती, ती कोळशाच्या गाडीसाठी नव्हे हो, भुतासाठीच!

आता आमच्या नातीचं सांगते. सहा वर्षांची. रात्री बाथरूमला जायचं तरी कुणीतरी सोबत लागतं. दिवा मालवला की रडू. त्या तळघरात अंधार केल्यावर ती माझ्या पदराला घट्ट धरून होती. आजींनी तिला बोलावलं आणि गाडी चालवायचा दांडा तिच्या हातात दिला. घरातली १२० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरमधून साधारण १८ व्होल्टवर येते, त्यामुळे मुलांच्या हातात द्यायला भीती नाही. दांडा पुढे केला की गाडी पळते, मागे घेतला की थांबते. पहिल्या फेरीला पोरगी डोळे मिटून होती. दुसऱ्या फेरीला एक डोळा उघडा. तिसऱ्या फेरीला तिनं भुताचा डबा बरोब्बर बोगद्यात थांबवला आणि मला म्हणाली, ‘‘आजी, घाबरू नकोस. मी सोडल्याशिवाय ते बाहेर येणार नाही.’’

मैत्रिणींनो, त्या डब्याची सगळी जादू या एका वाक्यात आहे. भूत आहे, अंधार आहे, छातीत धडधडही आहे, पण दांडा आपल्या हातात आहे.

या छंदात काही मंडळी फार काटेकोर असतात. डब्यावरचे रिवेटसुद्धा मोजून बघणारे! त्यांना असले गमतीचे डबे म्हणजे पोरखेळ वाटतो. पण थोडा इतिहास बघितला तर या छंदाचा पायाच गंमत आहे. जोशुआ लायोनेल कोवेन या गृहस्थांनी न्यूयॉर्कमध्ये १९०० साली लायोनेल कंपनी काढली. त्यांची पहिली विजेवरची गाडी मुलांसाठी नव्हतीच. दुकानाच्या काचेमागे फिरत राहील आणि येणाजाणाऱ्यांचं लक्ष वेधून घेईल, म्हणून ती बनवली होती. लोकांनी दुकानातला माल सोडून ती गाडीच मागितली! पुढे १९५० चं दशक सरता सरता मुलांचं मन टीव्हीत आणि अवकाशयानांत रमायला लागलं. तेव्हा कंपनीनं पुन्हा गमतीचाच आधार घेतला. खांब आला की मान आत घेणाऱ्या जिराफाचा डबा निघाला. आळीपाळीनं डोकी वर काढणाऱ्या पोलीस आणि दरोडेखोराचा डबा निघाला. दिव्यापुढे चित्रांची पट्टी फिरवून मासे पोहताना दाखवणारा मत्स्यालयाचा डबाही त्याच काळातला. पुढे त्याच युक्तीवर माशांच्या जागी भुतं पोहायला लागली, इतकंच.

मला मात्र सगळ्यात बोलकी वाटते ती १९५७ सालची गोष्ट. तोवर या गाड्यांच्या जाहिरातीत बाप आणि मुलगाच दिसायचे. मुली असल्याच तर बघायला. कंपनीच्या मनात आलं, अर्धं गिऱ्हाईक तर बाहेरच राहिलंय. म्हणून त्यांनी खास मुलींसाठी गाडी काढली. गुलाबी इंजिन, आणि मागे फिकट निळे, पिवळे, जांभळट डबे. सगळं कसं गोड गोड. ती गाडी सपशेल पडली. मुलींनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांना भावाकडे असते तशी काळीकुट्ट, खरीखुरी वाटणारी गाडी हवी होती. दुकानांत पडून राहिलेल्या त्या गुलाबी गाड्यांना आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात, कारण त्या फारशा खपल्याच नाहीत!

ही गोष्ट ऐकून मला आपली घरं आठवली. मुलीला काय आवडेल हे तिला न विचारता ठरवायचं आणि वर गुलाबी रंग द्यायचा. तिची सायकल गुलाबी, दप्तर गुलाबी, आणि सायकल न्यायची परवानगी मात्र कोपऱ्यापर्यंतच! गुलाबी गाडीनं मुलीला ‘ही तुझी’ म्हणून सांगितलं, पण खरी गाडी भावाकडेच ठेवली. भुताच्या डब्यानं असलं काही सांगितलं नाही. तो मुलाचाही नाही, मुलीचाही नाही. घाबरायला आणि हसायला येईल त्याचा. म्हणून कधी तळघराची पायरी न उतरलेल्या आजी त्याच्यासाठी खाली आल्या, आणि त्यांच्यामागून गल्लीतल्या मुलीही.

भीतीचं बटण दुसऱ्याच्या हातात असलं की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया जिल्ह्यात बेगुनकोदर नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे रात्री रुळांवर पांढऱ्या साडीतली बाई दिसते, अशी अफवा उठली. १९६७ पासून तिथे गाड्या थांबेनाशा झाल्या, त्या थेट २००९ पर्यंत. बेचाळीस वर्षं! दारात स्टेशन असून गाडी नाही. विचार करा, त्यामुळे किती मुलींची शाळा-कॉलेजं अडली असतील, किती बाळंतिणींना दुरून गाडी गाठावी लागली असेल. आणि भूत कोण? तर पांढऱ्या साडीतली बाई.

आपल्या गोष्टींतही हेच नाही का? मुंजा, वेताळ आहेत, पण गावाला जास्त भीती हडळीची. जिवंतपणी जिला कुणी विचारलं नाही, ती मेल्यावर सगळ्या गावाला भिववते! आणि ती भीती वापरायची कुणावर? लहानपणी ‘झोप, नाहीतर बुवा येईल’. थोडी मोठी झाली की ‘तिन्हीसांजेला विहिरीकडे जाऊ नकोस, केस मोकळे सोडू नकोस’. आणखी मोठी झाली की भुताची जागा ‘लोक काय म्हणतील’ घेतं. भावाला हीच भुतं एक-दोन वर्षं पुरतात, आपल्याला जन्मभर. मी स्वतः लेकीला बुवाची भीती घालून जेवू घातलंय. त्या तळघरात नातीच्या हातातला दांडा बघताना मला त्याची लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

माझं म्हणणं एवढंच आहे. भीती घालवायची म्हणजे ‘भूतबीत काही नसतं, गप झोप’ असं दरडावायचं नाही. त्यानं अंधार कमी होत नाही, मूल फक्त बोलायचं थांबतं. भीती लहान करून मुलीच्या हातात द्यायची. तिला ती चालवू द्यायची, थांबवू द्यायची, बोगद्यात कोंडू द्यायची. खेळात एकदा कळलं, की आपल्या धडधडीवर आपला ताबा राहू शकतो, की मोठेपणीच्या भुतांपुढेही ती डोळे मिटून उभी राहणार नाही. खऱ्या अंधारात खरे धोके असतात, हे मला कळतं. काळजी घ्यायलाच हवी. पण काळजी घ्यायला शिकवणं वेगळं आणि नुसतं भिववून घरात बसवणं वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, हे हॅलोविन वगैरे तिकडचं फॅड, आणि असले महागडे डबे आपल्याला कुठून परवडणार? अगदी बरोबर. कंपन्या दर वर्षी नवा डबा काढतात ते पोरांच्या कल्याणासाठी नव्हे, धंद्यासाठी. तो घ्या, असं मी मुळीच म्हणत नाही. खेळगाड्यांची हौसच असेल तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. एका माणसाच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे मुलाबरोबर मुलीलाही न्या, एवढं मात्र सांगेन.

आणि घरचं म्हणाल, तर त्याच दिवसांत आपल्याकडे दिवाळीचा किल्ला असतोच की! तिथेही तेच भांडण. दादा म्हणतो, महाराज आणि मावळेच हवेत. धाकटीला पायथ्याशी प्लास्टिकचा वाघ हवा, क्रिकेटची टीम हवी. आपण दादाची बाजू घेतो आणि तिला माती कालवायला बसवतो. या वर्षी तिला विचारा, तुला काय ठेवायचंय? तिनं किल्ल्यात एखादी अंधारी गुहा केली आणि त्यात पुठ्ठ्याचं भूत बसवलं, तर ‘हे काय भलतंच’ म्हणू नका. आत पणती नको, पुठ्ठा पेटेल. छोटी बॅटरी ठेवा.

आणि हो, त्या बॅटरीचं बटण तिच्याच हातात असू द्या.