काहिलीतले शेवटचे दहा अंश

गुळाचा भाव रंगावर ठरतो आणि रंग चुलवाणातल्या आचेवर. गूळ करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. तरीही रंगाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती हायड्रॉस या रंग उडवणाऱ्या गंधकयुक्त रसायनाची, भेसळीची आणि छाप्यांची. आचेची फारशी होत नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. इतकी जुनी आणि नावाजलेली परंपरा असलेल्या भागात गुऱ्हाळे एकामागून एक थंड पडत आहेत. त्यामागे मजुरांची टंचाई आहे, कारखान्यांशी उसासाठी होणारी स्पर्धा आहे, दरातला चढउतार आहे. पण एक कारण असे आहे की त्यावर उपाय आधीच शोधलेला आहे आणि तो गुऱ्हाळापर्यंत पोहोचलेला नाही. ते कारण म्हणजे उष्णतेचा हिशेब.

गूळ करणे म्हणजे उसाच्या रसातले पाणी उडवणे, असे वरवर दिसते. शंभर किलो रसात साधारण वीस किलो साखर व इतर विरघळलेले घटक असतात, बाकी पाणी. ते पाणी उडवायचे, पण साखर करपू द्यायची नाही आणि तिचे विघटनही होऊ द्यायचे नाही. म्हणून चांगला गुळव्या एका आधणात तीन वेगवेगळ्या आचा वापरतो. सुरुवातीला रस मंद तापवतात. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत रसातली प्रथिने साकळून मळी वर येते. ती भेंडीच्या चिकट रसाने एकत्र धरली जाते आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने काढून टाकता येते. याच वेळी आच भडकली आणि रसाला उकळी फुटली, तर मळी पुन्हा रसात मिसळते. मग कितीही निगुतीने पुढचे काम केले तरी गूळ मळकटच निघतो. मळी निघाली की आच जोरात लागते, कारण रस जितका जास्त वेळ तापत राहील तितका तो गडद होतो. आणि शेवटी, पाक घट्ट होत आला की आच झपाट्याने कमी करावी लागते.

या शेवटच्या टप्प्यात नेमके काय होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. पाण्यात साखर विरघळलेली असली की ते शंभर अंशांहून अधिक तापमानाला उकळते आणि साखरेचे प्रमाण वाढेल तसतसे हे तापमान चढत जाते. म्हणजे उकळत्या पाकाचे तापमान हे त्यात किती पाणी उरले आहे याचे माप आहे. शंभर किलो रसातले पहिले ६५-६७ किलो पाणी उडेपर्यंत उकळबिंदू जेमतेम तीन अंशांनी वाढतो. तासभर, दीड तास तापमापकाचा काटा जवळजवळ हलतच नाही. पुढे साखरेचे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले की काटा १०९ अंशांच्या आसपास येतो. तिथून ९० टक्क्यांपर्यंत जायला तीन किलोहूनही कमी पाणी उडावे लागते, आणि एवढ्यातच तापमान आणखी दहा अंशांनी चढते. काकवी १०५-१०६ अंशांना उतरवतात, ढेपेचा गूळ ११६ ते ११८ अंशांना, आणि गूळ पावडरीसाठी त्याहून थोडे पुढे जावे लागते. एक आधण अडीच-तीन तासांचे असते, पण त्यातल्या शेवटच्या काही मिनिटांत माल कोणता होणार आणि कसा होणार हे ठरून जाते.

ही मिनिटे अवघड का असतात, याचे कारण केवळ वेग नाही. पातळ रस उकळतो तेव्हा स्वतःच खालीवर फिरतो. तळाची उष्णता बुडबुड्यांबरोबर वर येते. पाक घट्ट झाला की हे फिरणे मंदावते. वरचा पाक ११४ अंशांवर असताना काहिलीच्या तळाला टेकलेला थर त्याहून बराच जास्त तापलेला असतो, आणि करपायला सुरुवात तिथूनच होते. म्हणून काहिलीभोवती माणसे सतत पाक ढवळत असतात. दुसरी अडचण चुलवाणाची. चिपाड भुर्रकन जळते, त्यामुळे ते टाकणे थांबवले की ज्वाळा लगेच बसते; पण तासन् तास तापलेल्या विटा आणि माती लगेच थंड होत नाहीत. जळण घालणारा माणूस पाक तयार व्हायच्या काही मिनिटे आधीच हात आखडता घेतो तो यासाठी. नियंत्रणशास्त्रात ज्याला औष्णिक जडत्व म्हणतात त्याचा हा हाताने केलेला हिशेब आहे, आणि तो फार बारकाईचा आहे. गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, त्याची गोळी बोटांनी वळतो, ती घमेल्यावर आपटून आवाज ऐकतो. या चाचणीला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. अडचण एवढीच की गोळी वळून, आवाज ऐकून निर्णय होईपर्यंत पाक एक-दोन अंश पुढे गेलेला असतो.

तापमापक इथेच कामाला येतो, पण तोही डोळे झाकून नव्हे. जाड नळीत बसवलेला संवेदक घट्ट पाकात उशिरा प्रतिसाद देतो; शेवटी तापमान भराभर चढत असताना तो मागचाच आकडा दाखवत राहतो. तो मळीत किंवा फेसात लटकत असेल तर पाकाऐवजी वाफेचे तापमान सांगतो. पाण्याचा उकळबिंदू उंचीप्रमाणे उतरतो, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तिथे साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. समुद्रसपाटीसाठी काढलेला ११८ चा आकडा इथे जसाच्या तसा वापरला तर पाक जवळजवळ दोन अंश जास्त शिजतो, आणि शेवटच्या दहा अंशांत दोन अंश म्हणजे थोडके नव्हेत. उपाय सोपा आहे. हंगामाच्या सुरुवातीला तापमापक उकळत्या पाण्यात धरून आकडा पाहावा आणि पाकाचे तापमान त्याच्यावर किती चढले ते मोजावे.

आता रंगाकडे येऊ. ताज्या रसाचा सामू ५.२ ते ५.४ च्या आसपास, म्हणजे रस आम्लधर्मी असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. असा गूळ घट्ट बसत नाही, पावसाळ्यात त्याला पाणी सुटते, तो टिकत नाही. ऊस तोडून दोन दिवस पडून राहिला तर हे फुटणे रस काढण्याआधीच सुरू झालेले असते. चुना घालून आम्लता कमी करतात ती यासाठी. चुना जास्त पडला की मात्र रंग काळपट होतो. शिवाय फुटलेली साखर आणि रसातली अमिनो आम्ले तापल्यावर एकमेकांशी संयोग पावून तपकिरी रंग धरतात, आणि त्याहून वर गेले की साखर स्वतःच जळकट होऊ लागते. थोडक्यात, आच बेताल झाली की गूळ काळवंडतो. मग बाजारात तो पडेल भावाने जाऊ नये म्हणून हायड्रॉस टाकून रंग उडवला जातो. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार गुळात किलोला ७० मिलिग्रॅमपर्यंतच गंधकाचा डायऑक्साइड चालतो. हायड्रॉसने पिवळा केलेला गूळ काही काळाने पुन्हा काळपटतो, हे व्यापाऱ्यांनाही माहीत असते. तपासण्या व्हायलाच हव्यात, याबद्दल दुमत नाही. पण चुलवाणाकडे न बघता फक्त नमुने गोळा करत राहिलो तर आपण दोष नेहमी उशिराच पकडणार.

दुसरा प्रश्न इंधनाचा. शंभर किलो रस उकळीपर्यंत आणून त्यातले ७८ किलो पाणी उडवायला साधारण २०५ मेगाज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या चिपाडात किलोमागे सुमारे १६ मेगाज्यूल असतात. सगळी उष्णता रसाला मिळाली तर १३ किलो चिपाड पुरेल. शंभर किलो रस काढल्यावर वाळवून हाती येते ३० ते ३५ किलो चिपाड, म्हणजे गरजेच्या अडीचपट. मग जळण का कमी पडते? कारण अनेक चुलवाणांत उष्णतेचा तिसरा हिस्साही रसापर्यंत पोहोचत नाही. बाकीची धुराड्यातून, भिंतींतून, न जळलेल्या कोळशातून निघून जाते. चिपाड अर्धवट ओले असेल तर त्यातलेच पाणी उडवण्यात उष्णता खर्च होते. हवा गरजेपेक्षा जास्त शिरली तर ती फुकट तापून बाहेर पडते आणि कमी शिरली तर काळा धूर होतो. या तुटीतून काही ठिकाणी टायर आणि प्लास्टिक जाळले जाते. त्याचा त्रास भट्टीपुढे उभ्या असलेल्या मजुराला आणि शेजारच्या वस्तीला होतो. खाण्याच्या वस्तूखाली टायर जळावा, ही गोष्ट कोणत्याही सबबीखाली खपवून घेता कामा नये.

यावर संशोधन झालेले नाही असे मुळीच नाही. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेत काहिलीच्या तळाला बाहेरून समांतर पट्ट्या जोडून पाहण्यात आल्या. ज्वाळेला भिडणारे क्षेत्रफळ वाढले आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार इंधनात सुमारे ३० टक्के बचत झाली. लोहाराच्या आवाक्यातले हे काम आहे. उत्तर प्रदेशात दोन-तीन काहिलींची चुलवाणे सर्रास चालतात. पहिल्या काहिलीखालून निघालेला गरम धूर पुढच्या काहिलीतला रस तापवतो. कोलंबियात गुळाला पानेला म्हणतात, आणि तिथल्या बार्बोसा गावच्या संशोधन केंद्राने ओळीने मांडलेल्या काहिली आणि सुधारलेली ज्वलनकोठी यांवर वर्षानुवर्षे काम केले. आपल्याकडची एकाच मोठ्या काहिलीची पद्धत मात्र केवळ हट्टापोटी टिकलेली नाही, हे सांगायला हवे. धुरावर तापणाऱ्या काहिलीत साठ-सत्तर अंशांवर रेंगाळणारा रस लवकर पुढे सरकला नाही तर तिथेच साखर फुटू लागते. म्हणजे इंधन वाचवताना गुळाची प्रत गमावायची नसेल तर काहिलींचे माप आणि आधणांचा वेग एकमेकांशी जुळवावा लागतो. हा हिशेब गुऱ्हाळवाल्याने एकट्याने करावा अशी अपेक्षा करणे चूक आहे.

आणखी दोन वाटा आहेत. आयआयटी मुंबईच्या राणे आणि जबडे यांनी २००५ मध्ये उष्णतेऐवजी थंडीने रस आटवण्याची पद्धत मांडली. रसातल्या पाण्याचा बर्फ करून तो वेगळा काढायचा. पाणी गोठवताना काढून घ्यावी लागणारी उष्णता ते उकळवून उडवायला लागणाऱ्या उष्णतेच्या सातव्या हिश्शाइतकी असते. अशा रीतीने वीस टक्क्यांचा रस चाळीस टक्क्यांवर आणला की उडवायच्या पाण्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश पाणी आचेविना निघून जाते, आणि रस तेवढा कमी शिजतो. वीज आणि भांडवल यांमुळे ही वाट एकट्या शेतकऱ्याची नव्हे; संघाची किंवा शेतकरी उत्पादक कंपनीची असू शकते. दुसरी वाट वाफेवर चालणाऱ्या दुहेरी भिंतींच्या काहिलींची. चुलवाणातल्या ज्वाळा आठशे-हजार अंशांच्या असतात, तर तीन-चार किलो दाबाच्या वाफेचे तापमान १४५-१५० अंशांपुढे जातच नाही. दाब कमी केला की तापमान कमी होते, झडप बंद केली की उष्णता थांबते. विटांचे जडत्व मध्ये येत नाही. लहान उद्योगांनी ही पद्धत काही प्रमाणात घेतली आहे. पण बॉयलर आला की त्याची देखभाल, परवाने, चांगले पाणी, शिकलेला माणूस हे सगळे आले, आणि हंगाम तर चार-पाच महिन्यांचा.

म्हणून आमचे मत असे की सुरुवात मोठ्या यंत्रापासून करू नये. कोल्हापुरात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. गुळावरचे ज्ञान तिथे साठलेले आहे. त्याला जोड हवी ती गावोगावच्या चुलवाणांवर उभे राहून मोजमाप करणाऱ्या माणसांची. परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली यंत्र शाखेची मुले दरवर्षी कसले ना कसले प्रकल्प करतातच. त्यांनी एका हंगामात वेगवेगळ्या गुऱ्हाळांवर धुराड्यातल्या वायूंचे तापमान, चिपाडातला ओलावा आणि प्रत्येक आधणाचा तापमानाचा आलेख नोंदवला, तर कोणत्या चुलवाणात किती उष्णता वाया जाते हे कळेल आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची हेही. या कामात गुळव्यांना शिकवायला जाऊ नये. त्यांच्याबरोबर काम करावे. ते आच कधी ओढतात, कधी वाढवतात, याची वेळ आलेखावर उतरली पाहिजे. हे कसब असलेली माणसे वयस्कर होत चालली आहेत आणि त्यांची मुले या धंद्यात यायला तयार नाहीत.

बाजार समितीनेही एक पाऊल उचलावे. आज सौद्यात गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, सळई लावून, फोडून, रंग आणि कण बघून बोली लागते. ज्या गुऱ्हाळाकडे आधणाची तापमानाची नोंद आहे आणि ज्याच्या नमुन्यात गंधक नाही, त्याच्या मालाचा सौदा वेगळा निघावा. असा गूळ बहुधा तांबूस असेल. गुजरातच्या व्यापाऱ्याला पिवळाच हवा असतो हे खरे. पण तांबूस गुळासाठी जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत आज आहे, आणि त्याला आपण घेतो तो गूळ खरोखर कसा झाला हे कळायला मार्ग नाही. पुढच्या पाडव्याच्या मुहूर्तावर असा एक स्वतंत्र सौदा, थोड्याच रव्यांचा का होईना, काढून पाहावा. त्यासाठी लागणारे तापमापक, धुराड्याची झडप आणि काहिलीच्या तळाच्या पट्ट्या यांचा खर्च जिल्हा नियोजनातून सहज निघण्यासारखा आहे.